बापदेवाच्या वळणावर

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहायला बसलेली माणसं बहुतेक पहिल्यापासून भाविक असतात, मी त्या बाबतीत जरा मागे आहे. पूजा मी रोज करत होते. आंघोळ झाली की देव पुसायचे, गंध लावायचं, फूल वाहायचं, यात एक दिवस खंड नव्हता. पण हात जोडले की तोंडातून प्रार्थनेऐवजी भांडण यायचं. "माणूस माझ्यासमोर ठेवलास आणि आतला माणूस काढून घेतलास, हा कुठला न्याय?" असं मी समईकडे बघून विचारायचे आणि चहा ठेवायला निघून जायचे. उत्तर ऐकायला थांबायचा धीर माझ्यात नव्हता. माझा स्वभावच मुळी घाईचा, आणि त्या वर्षभरात तर एका जागी बसणं मला जमेनासं झालं होतं.

हा माणूस म्हणजे माझे यजमान. मी त्यांना 'हे' म्हणते. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. हे माणगावजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे, पण वर्गाच्या चार भिंतींत त्यांचा जीव रमायचा नाही. थंडी पडली की मुलांना घेऊन निघालेच. कधी फणसाडचं जंगल, कधी एखादा किल्ला, कधी श्रीवर्धनचा किनारा. बरोबर तंबू, दोर, भलंमोठं पातेलं आणि खिचडीचं सामान. घरच्या सहलीही तशाच. माझ्या मैत्रिणी लग्न झाल्यावर महाबळेश्वरला जाऊन घोड्यावर बसून फोटो काढून आल्या, मी फणसाडला डासांच्या सहवासात चार दिवस काढले. तेव्हा मी महिनाभर धुसफुसत होते. पुढे त्याचीच इतकी सवय झाली, की छपराखाली काढलेली सुट्टी मला सुट्टी वाटेना.

ह्यांना देवळात जायचा कंटाळा होता. आरतीला उभे राहिले तरी नजर बाहेर, पायात चुळबूळ. पण एक गोष्ट त्यांनी कधी चुकवली नाही. आमच्या भागात गावाच्या वेशीवर, जंगलात शिरायच्या वाटेवर, एखाद्या जुन्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड असतो. बऱ्याच ठिकाणी त्याला बापदेव म्हणतात. त्याच्या हद्दीत शिरताना जुनी माणसं तिथे थांबतात, हिरवी डहाळी वाहतात आणि गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपण कोण, बरोबर कोण, हे देवाला मोठ्यानं सांगून त्याच्या स्वाधीन होतात. ह्यांचं गाऱ्हाणं म्हणजे शाळेतली हजेरीच असायची. "बापदेवा, तुझ्या हद्दीत आलोय. बरोबर कोण कोण आहे, ऐक." मग बसमधल्या एकेका मुलाचं नाव घ्यायचे, आणि नाव घेतलं की त्या मुलानं मोठ्यानं "हजर" म्हणायचं. ड्रायव्हरचं नाव, स्वयंपाक्याचं नाव, शेवटी माझं. मीही लाजत लाजत "हजर" म्हणायचे. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "सगळ्यांना आल्या वाटेनं घरी ने."

एकदा बरंच पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ऐनवेळी आलेल्या एका मुलाचं नाव घ्यायचं राहिलं. त्यांनी बस मागे फिरवायला लावली. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला आणि मी खिडकीशी तोंड लपवलं. परत निघाल्यावर मी विचारलं, "बसमध्ये कोण आहे ते देवाला माहीत नसतं का?" तर म्हणाले, "त्याला माहीत असतं गं. मला माहीत आहे का, ते तो बघतो."

तोच माणूस नावं विसरायला लागला. आधी विद्यार्थ्यांची, मग शेजाऱ्यांची, मग आमच्या मुलीचं, मुग्धाचं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, औषधं दिली आणि खरं सांगितलं, की हा आजार मागे फिरणारा नाही. तरीही माझं नाव राहील अशी एक वेडी खात्री मला होती. एके दिवशी संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला, तर हे अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही किती करता आमच्यासाठी! पण आता निघा, तुमच्या घरची माणसं वाट बघत असतील." मी आत गेले आणि कणीक मळत मळत रडले. त्या दिवशीच्या पोळ्या खारट झाल्या असतील, हे मात्र मुकाट्यानं जेवले.

आणि मग ती संध्याकाळची तगमग सुरू झाली. उन्हं कलली की हे बूट घालून दाराशी उभे राहायचे. "निघायचं ना?" कुठे, ते सांगता यायचं नाही. मग "उशीर होतोय, मुलं खोळंबलीत," म्हणून कडीशी झटापट. मी दाराला आतून कुलूप लावलं. हे या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घालायचे आणि मी त्यांच्या मागे मागे. रात्री अंथरुणावर पडले तरी माझे पाय चालत असल्यासारखे वाटायचे. आमचं दोन खोल्यांचं घर, पण त्यात आम्ही रोज गाव पालथं घातल्याइतके दमत होतो.

शेवटी मीच ठरवलं, की ह्यांना निघायचंच आहे ना, तर निघू. गाडी मी उशिरा शिकले, पण बरी चालवते. हरिहरेश्वर, दिवेआगर, मग दिघीहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून मुरूड, काशिद, आणि फणसाडच्या जंगलाच्या कडेला तंबूत दोन रात्री. मुग्धाला पुण्याला फोन केला तर ती किंचाळलीच. "आई, तुला वेड लागलंय का? बाबांना घेऊन तंबूत?" मी म्हटलं, "घरात वेड लागायची वेळ आली आहे, त्यापेक्षा बाहेर लागू दे." तिनं फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी पुन्हा करून म्हणाली, "स्वेटर ने त्यांचा." तिला मी खरं कारण सांगितलं नव्हतं. मला हरिहरेश्वरला नवस बोलायचा होता. ह्यांच्या तोंडून एकदा, एकदाच माझं नाव येऊ दे.

तो मी बोलले. गाभाऱ्यासमोर उभी राहिले, हे माझ्या शेजारी. डोळे मिटले आणि जवळजवळ दमच दिला, की एवढं दे, मग तुझ्याशी भांडणार नाही. डोळे उघडले तर हे माझ्याकडे टक लावून बघत होते.  हे म्हणाले, "बाई, तुमच्या कपाळावर गंध ओघळलंय." मी रुमालानं गंध पुसलं आणि आम्ही बाहेर पडलो.

दिवेआगरला आणखी गंमत. पूर्वी मुलांना घेऊन उतरायचो त्या वाडीतून चालताना हे मध्येच थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, "इथले माड कुठे गेले? इथे सावली होती." मागच्या मोठ्या वादळात त्या वाडीतली कितीतरी झाडं आडवी झाली होती, पुन्हा लावलेली रोपं अजून लहानच होती. वाडीवाला खूश झाला, म्हणाला, "सरांना आमची वाडी आठवते की!" मी कसनुसं हसले. खोटं कशाला बोलू, मला माडांचा हेवा वाटला. उपटून पडलेली झाडं ह्यांच्या डोक्यात उभी होती आणि रोज दोन वेळा वाढणारी बायको नव्हती.

दिघीला फेरीबोटीची रांग मोठी होती. पलीकडे उतरलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती, म्हणजे ह्यांची चुळबूळ सुरू व्हायची वेळ. मुरूडमध्ये गाड्यांची गर्दी, पुढे अरुंद रस्ता, समोरून येणाऱ्यांना धीर नाही, मला तर त्यांच्याहूनही नाही. काशिदच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून जंगलाकडे चढणारा फाटा लागतो. तिथल्या वळणावर हे एकदम ओरडले, "थांब, थांब!" आणि त्यांनी स्टिअरिंगला हात घातला. गाडी रस्त्याच्या कडेला जाता जाता वाचली. मी इतकी घाबरले, इतकी चिडले, की त्यांचा हात झटकला. "गप्प बसा हो! मारायचंय का दोघांना?" हे हात मांडीवर घेऊन बसले. पुढे सगळी वाट ते मान वळवून मागच्या काचेतून बघत होते. आजार आहे, असं म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला अंधाराआधी पोचायचं होतं.

तंबूची जागा मनीषा नावाच्या बाईंच्या आंब्याच्या बागेत होती. नुकता मोहोर आला होता, त्याचा वास सगळीकडे. खालच्या अंगाला समुद्र, वरच्या अंगाला जंगल. मनीषाताईंना मी ह्यांच्या आजाराचं सांगितलं, तर म्हणाल्या, "काय काळजी करू नका ताई. आमचं गाव ल्हान हाय, हितं मानूस हरवत न्हाय." त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. हे पोटभर जेवले. तंबूत शिरल्यावर मी माझ्या ओढणीचं एक टोक ह्यांच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या. असं मी घरीही करायचे, म्हणजे उठले की मला जाग येते. अंगातला शीण इतका, की मला कधी नाही ती गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा फटफटलं होतं. तंबूची चेन उघडी होती. ओढणीचं दुसरं टोक माझ्या शेजारी पडलं होतं, गाठ नीट सोडवलेली. शाळेच्या शिबिरात पोरांना गाठी शिकवणारा माणूस तो. नाव विसरला, पण गाठ सोडवायची बोटांना ठाऊक होती.

मी हाका मारत बाहेर धावले. मनीषाताईंनी घरातली माणसं उठवली, शेजारची उठवली. कुणीतरी म्हणालं, पहाटे एक माणूस खाली समुद्राकडे जाताना दिसला. बस्स, सगळे खाली धावले आणि मी त्यांच्या पुढे. भरती चढत होती. हे कधीकाळी उत्तम पोहायचे आणि तेवढंच त्यांना आठवलं असेल तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात घुमत होता. वाळूत पावलं होती, पण ती पुढे एका मासेमाराच्या होडीपाशी गेली होती. पहाटे दिसलेला माणूस म्हणजे हा मासेमार. तो जाळं आवरत होता. "न्हाय बाय, हिकडं कोनी न्हाय आलं," म्हणाला. माणसं दोन्ही बाजूंना पांगली. कुणी खडकांकडे गेलं, कुणी सुरूच्या झाडांत. मी एकदा इकडे धावायचे, एकदा तिकडे. धाप लागली, चप्पल कुठे तरी गेली, आणि शेवटी माझे पाय थांबले. 

वर्षभर मी धावत होते, हे मला तिथे उभी असताना कळलं. ह्यांच्या मागे, डॉक्टरांच्या मागे, देवाच्या मागे. आणि ज्याच्यासाठी धावत होते तो माणूस मी झोपले तेवढ्यात हातातून गेला होता. समोर पाणी चढत होतं आणि मला भांडणही सुचेना. हात जोडले की नाही तेही आठवत नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "मी नवस मागे घेते. मला नाव नको, ओळख नको. मला बाई म्हणोत नाहीतर काहीही म्हणोत. नुसते असू देत. आता तूच बघ, माझ्यानं होत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काही सांगून गप्प उभी राहिले.

आणि मग मला पोंग्याचा आवाज आला. पों पों, पों पों. आमच्याकडे सकाळी पाववाला येतो, त्याच्या गाडीला रबरी पोंगा असतो, तो दाबत दाबत तो गावातून जातो. पण हा आवाज गावातून येत नव्हता. वरून, रस्त्याच्या बाजूनं येत होता आणि पुढे सरकत नव्हता. एकाच जागी, थांबून थांबून, पों पों. माझ्या मनात काही चमत्कार वगैरे आला नाही. एवढंच आलं, की पाववाला चारी रस्ते फिरतो, त्याला विचारावं. आणि एवढ्या गोंधळात पहिल्यांदाच मी न धावता चालत निघाले.

आवाज फाट्याच्या त्या वळणावरून येत होता. कडेला जुनी स्कूटर उभी, मागे पावाचा मोठा पेटारा, आणि शेजारी गोल टोपी घातलेला, दाढी पिकू लागलेला एक माणूस पोंगा दाबत उभा. मला बघितल्यावर त्यानं पोंगा सोडला आणि हलकेच हात वर करून गप्प राहायची खूण केली. मग मला दिसलं. वळणाच्या आतल्या बाजूला एका जुन्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. आदल्या संध्याकाळी मी तो बघितलाच नव्हता. त्याच्यासमोर हे उभे होते. अंगात स्वेटर, पायात बूट, दोन्ही हातांत एक हिरवी डहाळी. बापदेवाला न सांगता मी त्याच्या हद्दीत गाडी घातली होती, आणि ते राहिलेलं काम पुरं करायला हे तेवढी वाट चालत मागे आले होते.

पाववाला माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमचे का साहेब? घाबरू नका. काय झालेलं न्हाय. माझी गाडी हितंच बंद पडली, किका मारतोय तर चालूच व्हईना. वर बघतो तर हे. चला म्हटलं, सोडतो घरला, तर न्हाय म्हनतात. काम बाकी हाय म्हनतात. म्हटलं कोन तरी शोधत असंलच, म्हनून पोंगा वाजवत ऱ्हायलो."

तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. तोच बसमधला जुना, खणखणीत. "बापदेवा, तुझ्या हद्दीत आलोय. बरोबर..." आणि तिथेच अडले.  पुन्हा पहिल्यापासून. "बापदेवा, तुझ्या हद्दीत आलोय. बरोबर..."  पाववाला म्हणाला, "मघाधरनं हेच चाललंय. तितंच येऊन थांबतात." मला तिथे जाऊन त्यांचा हात धरायचा होता, माझं नाव त्यांच्या कानात सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण वाळूत उभी राहून जे मागे घेतलं, ते इतक्या लवकर पुन्हा कसं मागायचं? मी गप्प राहिले. पाववालाच पुढे झाला. त्यानं ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "साहेब, नाव येत नसंल तर ऱ्हाऊ द्या. खूण सांगा. वरचा खुणेवरनं वळखतो."

 हे दगडाकडे बघत, सावकाश, एकेक आठवत बोलू लागले. "बरोबर एक बाई आहे. नाव येत नाही. गाडी तीच चालवते. चिडकी आहे. मला आधी वाढते, मग स्वतः जेवते. हाताला ओढणी बांधते, पण सैल बांधते, वळ उठू नये म्हणून. तिला वाटतं मी झोपलोय, तेव्हा रडते." मग पुन्हा थांबले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी वाकून डहाळी दगडापाशी ठेवली आणि म्हणाले, "ती फार दमली आहे. तिला आल्या वाटेनं घरी ने."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी रस्त्यावरच बसले एवढं आठवतं. मी देवाजवळ नाव मागत होते. त्या नावाखाली जी मी होते, ती ह्यांच्याजवळ सगळीच्या सगळी होती, माझ्या चिडकेपणासकट. इतके दिवस मला वाटत होतं, की हे मला विसरले. हे माझ्याकडे बघत होते, रोज बघत होते, आणि मी मात्र नावाची वाट बघत बसले होते.

हे वळले. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर ओळख वगैरे काही उमटली नाही. अदबीनं म्हणाले, "या बाई, नमस्कार करा. आपल्या दोघांचं सांगून झालंय." मी उठले आणि नमस्कार केला. पाववाल्यानं पेटाऱ्यातून दोन पाव काढून आमच्या हातात दिले, अजून कोमट होते. त्यानं स्कूटरला एक किक मारली आणि ती चालू झाली. तो स्वतःशीच हसला. "आता बघा, कशी गपचूप चालली!" मी त्यातून काही अर्थ काढत नाही. स्कूटर जुनी होती आणि सकाळी थंडी होती. मी त्याला हात जोडले तर त्यानं कानाला हात लावला, "माझं काय न्हाय ताई त्यात," म्हणाला आणि पोंगा वाजवत उतारावरून गेला. घाईत त्याचं नाव विचारायचं माझ्याकडून राहिलं. आता मला नाव न कळल्याची खंत वाटत नाही, खूण पक्की आहे.

आम्ही पाव खात खात बागेकडे चालत गेलो. मनीषाताईंनी दारातच ह्यांच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि मला चांगलं फैलावर घेतलं, की चप्पल न घालता काट्याकुट्यातून कशी आलात. मुग्धाला मी सगळं सांगितलं तेव्हा ती खूप रागावली. पुढच्या सहलीला मात्र ती आमच्याबरोबर आली.

आजार त्याच्या गतीनं पुढे गेला आहे. मी कुणाला सांगत नाही, की नवस केला आणि सगळं नीट झालं. काही नीट झालं नाही. हे आता फारसं बोलत नाहीत. संध्याकाळी बूट घालून दाराशी उभे राहतात, तेवढं मात्र चुकत नाही. पण त्यांच्याबरोबर दाराशी उभं राहायला मला आता जड जात नाही. जमेल तेव्हा गाडी काढते, नाहीतर दोघं वेशीपर्यंत पायी जाऊन येतो. पूजेत भांडण अजून अधूनमधून होतं, स्वभाव कुठे जाणार! पण भांडून झालं की मी थोडी बसते. त्यानं काय दिलं आणि काय नेलं याचा हिशेब मी सोडून दिला आहे. माझ्या हातून सुटलेला माणूस त्यानं त्या सकाळी वळणावर उभा करून ठेवला होता, सोबतीला एक भला माणूस देऊन. तेवढ्यावर माझा जन्म जाईल.

गेल्या थंडीत आम्ही पुन्हा त्या फाट्याला गेलो. वळणावर मी गाडी थांबवली. पलीकडच्या झुडपाची डहाळी तोडली, ह्यांचा हात धरून त्यांना झाडाखाली आणलं. हे दगडाकडे नुसते बघत राहिले, तोंडातून शब्द येईना. मग मीच सुरुवात केली. "बापदेवा, तुझ्या हद्दीत आलोय. बरोबर..." आणि माझी जीभ अडखळली. उखाणा सोडला तर हे नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. मुग्धा मागे उभी होती, तिच्यासमोर लाजही वाटली. पण कुणीतरी सांगायला हवंच होतं. मी ह्यांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, बसमधल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

हे सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हजर."

मी डहाळी वाहिली आणि गाडी सुरू केली.